शर्मिलाताईंचे पाच कंद

११ ऑगस्ट २०२४, रविवार

पतपेढीने दिलेली ही डायरी जानेवारीपासून तशीच पडून होती. हिशेबाची वही वेगळी आहे आणि तीत दुसरं काही लिहायचं नाही असा माझा नियम. पण कोरे कागद वाया जाणं बरं नव्हे, आणि आज लिहिण्यासारखं काही घडलं.

वरच्या मजल्यावरच्या शर्मिलाताई दुपारी खाली आल्या. हातात खाकी कागदाची पिशवी. त्यांच्या श्रुतिकाला सातवा महिना आहे आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. ताई उद्याच पनवेलला तिच्याकडे निघाल्या. बाळंतपण उरकून डिसेंबरातच येतील.

पिशवीत ट्यूलिपचे पाच कंद होते. त्यांचे यजमान राजेंद्र सर निवृत्त झाले तेव्हा दोघं काश्मीरला गेले होते, तिकडून अकरा आणले होते. सगळे म्हणाले, ही थंडीची फुलं, महाडच्या उष्म्यात एकदा फुलली तर फुलली, पुढच्या वर्षी नवे कंद आणावे लागतील. सर भूगोल शिकवायचे. म्हणाले, थंडी नाही तर थंडी करू. फुलं गेली की पानं पिवळी होईपर्यंत हात लावायचा नाही, मग कंद काढून सावलीत सुकवायचे, आणि ऑगस्टपासून चार महिने फ्रिजमध्ये ठेवून त्यांना हिवाळा दाखवायचा. डिसेंबरात कुंडीत. अशी सहा वर्षं त्यांच्या गॅलरीत फुलं आली. सर जाऊन दोन वर्षं झाली. ती दोन्ही वर्षं ताईंनी एकटीने आणली. अकराचे पाच राहिले, एवढंच.

"घर बंद. लाइट जाऊन फ्रिज बंद पडला तर कळणार कुणाला?" त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे राहतील ना, वहिनी?"

मी म्हटलं, "विचारता काय?"

सोबत चिठ्ठी दिली. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या, अक्षर फळ्यावरच्यासारखं. भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. फळं जवळ नकोत, सफरचंद आणि केळी तर अजिबात नको, पिकत्या फळाची वाफ लागली की आतली कळी मरते. मध्येच बाहेर काढू नयेत. याखाली दोनदा रेघ.

माणसाने एवढ्या विश्वासाने वस्तू आपल्या हाती द्यावी, याचं बरं वाटलं. एकवीसच्या पुरात आमच्या घरात छतापर्यंत पाणी होतं तेव्हा त्यांनीच आम्हाला वर घेतलं होतं. त्याची थोडी फेड होईल.

२६ ऑगस्ट, सोमवार

गोकुळाष्टमीचा उपास. शर्मिलाताईंचा फोन. श्रुतिका ठीक आहे. मग विचारलं, "आणि माझी पाच लेकरं?" मी म्हटलं, गारेगार झोपलीत. खूप हसल्या.

१५ सप्टेंबर, रविवार

गणपती, गौरी सगळं निर्विघ्न पार पडलं. फळं बरीच आली होती, पण एकही फ्रिजमध्ये ठेवलं नाही. टोपलीत ठेवली. चार केळी काळी पडली तेव्हा हे कुरकुरले, "देवाच्या प्रसादापेक्षा फुलांचे कांदे मोठे का?" मी म्हटलं, शब्द दिलाय. काळ्या केळ्यांचं शिकरण केलं. काही फुकट गेलं नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. काल संध्याकाळीच नाते गावाहून आवडीवन्सं आल्या. माझ्या थोरल्या नणंद. दर वर्षी घटाला येतात आणि दसऱ्याचं सोनं वाटून जातात. सासूबाई गेल्यापासून नवरात्राचं सगळं त्यांना विचारूनच होतं.

सकाळी नैवेद्याचं दूध काढायला त्यांनी फ्रिज उघडला, खालचा कप्पा ओढला.

"ह्ये कांदे फ्रिजात कशाला गो?"

"कांदे नाहीत, वन्सं. फुलांचे कंद आहेत. शर्मिलाताईंचे."

"वरच्या? त्या मास्तरणीचे?"

"हो."

त्यांनी कप्पा आत ढकलला. जोराने नाही, हळूच. हात पदराला पुसले.

"मंग ह्या दुधाचा नैवेद नको दाखवू. मुरारीला सांग, दुसरी पिशवी आण."

मी म्हटलं, पिशवी बंद आहे, दुधाला लागलेली नाही.

"मला काय नाय गो. मी चार दिवसांची पावनी. घट तुझ्या घरात बसलाय, तुझ्या लेकीचं लग्न व्हायचंय. तू जाण नि देवी जाण."

यांनी दुसरं दूध आणलं. मी कंदांची पिशवी गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात घालून मागच्या दारी पाण्याच्या टाकीवर ठेवली. वर झाकण. भाजीचा कप्पा धुऊन कोरडा केला, थोडं गोमूत्र शिंपडलं, आणि त्यात देवीपुढची फळं ठेवली.

दिसायला अगदी कांद्यासारखे आहेत. नवरात्रात घरात कांदा नको, म्हणून काढले. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. देवीचं काम पहिलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

काय ऊन आहे. टाकीचं पाणी दुपारी हाताला सोसत नाही.

समीक्षाने डबा पाहिला. कॉलेजातून आल्यावर पाय धुवायला मागे गेली होती.

"आई, हे शर्मिलामावशींचे ना? इथे का?"

मी म्हटलं, कांद्यासारखे दिसतात म्हणून.

"ओट्याखाली कांद्याची टोपली आहे. अख्खी. तिला कुठे हलवलंस?"

"तो आपण नवरात्रात खात नाही."

"हे पण आपण खात नाही."

मी म्हटलं, मोठ्या माणसांशी असं बोलू नये.

ती फ्रिजकडे गेली, कप्पा ओढून वास घेतला. "कांद्यासाठी गोमूत्र शिंपडतात हे आजच कळलं," म्हणाली आणि आत निघून गेली. आवडीवन्सं देवीपुढे पोथी वाचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण वाचणं मध्येच थांबलं होतं.

पोरगी फार शिकली. मी मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या वाडीत पेढे वाटले होते, पण वडिलांसमोर अशी जीभ चालवायची माझी छाती नव्हती.

डबा टाकीवरून उचलून भिंतीच्या सावलीत ठेवला.

९ ऑक्टोबर, बुधवार

श्रुतिकाला मुलगी झाली. शर्मिलाताईंचा फोन आला तेव्हा मी वाती वळत होते. आवाज भरून आला होता. "वहिनी, फेब्रुवारीत आणणार आहे तिला महाडला. आजोबांची फुलं दाखवायची आहेत. सर असते तर कुंडीत तिचं नाव लिहून पाटी लावली असती. कंद बरे आहेत ना?"

आवडीवन्सं शेजारी बसल्या होत्या.

मी म्हटलं, "आहेत, जसेच्या तसे."

फोन ठेवल्यावर वळलेली वात उलगडून पुन्हा वळली.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला, आज सकाळी वन्सं गेल्या. एस.टी. निघाल्याबरोबर घरी येऊन कंद आत घेतले. गोडेतेलाचा वास येतोय त्यांना. एकाच्या टोकाला हिरवा कोंब दिसला, अर्ध्या बोटाएवढा. तो आता थंडीत काय करेल, कोण जाणे.

कप्प्यात देवीपुढची सफरचंदं अजून सात-आठ आहेत. प्रसाद टाकता येत नाही आणि एवढ्या उष्म्यात बाहेर टिकणार नाही. पिशवीला दुसऱ्या पिशवीत गुंडाळलं. फळं एका बाजूला, कंद एका बाजूला.

चिठ्ठी फ्रिजच्या दारावर लावली होती, ती काढून पोथीत ठेवली. येता-जाता डोळ्यांसमोर नको.

१६ डिसेंबर, सोमवार

शर्मिलाताई आल्या. थोड्या वाळल्यात. पहिल्यांदा खालीच आल्या, कुलूप उघडायच्याही आधी. कंद एकेक करून अंगठ्याने दाबून पाहिले, पिकलेला आंबा पाहतात तसे. कोंब आलेल्यावर जरा थांबल्या.

"हा घाईचा निघाला," म्हणाल्या. मग, "छान राखलेत, वहिनी."

पिशवीतून साडी काढली. नारायणपेठी, मोरपिशी. "श्रुतिकाने तुमच्यासाठी घेतली. चार महिने तुम्ही तिच्या बाबांची ठेव सांभाळलीत म्हणून."

मी नको नको म्हटलं. त्या ऐकेनात. कुंकू लावून घेत नाहीत त्या, म्हणून मी नुसतेच हात जोडले. साडी कपाटात सगळ्यात खाली ठेवली आहे.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

नवी डायरी यंदाही मिळाली, पण हिच्यात पानं उरलीत. वरचा छापील सन खोडून लिहीत जाईन.

पाचही वर आले. ताईंनी मला मुद्दाम बोलावलं. गॅलरीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात कुंडी, वर ओलं गोणपाट. सकाळी सकाळी मातीवर बर्फाचे खडे ठेवतात. एकेक खडा चिमटीत धरून, बाळाला काजळ लावावं तशा हलक्या हाताने. "सर म्हणायचे, हिला काश्मीर वाटलं पाहिजे," म्हणाल्या. चहा केला. मी घेतला.

परतताना वीरेश्वराला नारळ बोलले. महाराज, पाच नको, एक तरी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पानं आहेत. भरपूर आहेत. फूल नाही.

ताईंकडे सरांची वही आहे, दर वर्षीची. बावीस साली आज पहिली कळी रंग धरू लागली होती. तेवीसपासून ताईंचं अक्षर, पाच फेब्रुवारीला. चोवीस साली आठ फेब्रुवारी, आणि पुढे लिहिलंय, "आलं." एवढंच.

मी विचारलं, उशीर होतो का कधी? त्या म्हणाल्या, होतो. चष्मा लावून पानांच्या बेचक्यात बघत होत्या. मी कठड्याला धरून उभी होते. खाली आमचं मागचं दार दिसतं तिथून. टाकीपण.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज श्रुतिका बाळाला घेऊन आली. गोरी, गुबगुबीत, आजोबांचे कान. नाव ठेवलंय उर्वी.

तीन कंदांना नुसती पानं. दोन कंदांत कळी होती. म्हणजे कळी होणार होती तिथे उदबत्तीच्या राखेच्या रंगाचं, कागदासारखं काही तरी. ताईंनी बोटाने हलवलं तर गळून पडलं. दुसरंही तसंच.

मग श्रुतिका म्हणाली, "आई, जाऊ दे. मी नवे कंद मागवते. आता ऑनलाइन घरपोच येतात."

"नवे कशाला," ताई म्हणाल्या. "हे त्यांच्या हातचे होते. या वर्षी मी इथे नव्हते ना. माझंच काही चुकलं असणार. बहुतेक माती जड झाली." आणि माझ्याकडे वळून, "वहिनींनी किती जपलं होतं, आणि मी शेवटी मातीत घातलं."

बाळाला कडेवर घेऊन कुंडीजवळ नेलं. पानं दाखवली. "हे बघ, आजोबांचं," म्हणाल्या. पोरीने पान धरून ओढलं. ताई हसल्या, पण पान सोडवून घेताना त्यांचा हात फार वेळ पानावरच होता.

जेवायला थांबा म्हणाल्या. खीर होती. मी म्हटलं, आज माझा उपास आहे.

रविवारी माझा कुठला उपास. ताईंना माझे वार पाठ आहेत.

खाली येऊन देवापुढे बसले तर हात जोडवेनात. पुराच्या तीन दिवसांत मी त्यांच्या चुलीवरची खिचडी खाल्ली होती. भूक लागली होती आणि समीक्षा तापाने फणफणली होती. हे म्हणाले होते, अडचणीत सगळं चालतं. पाणी ओसरल्यावर मी वर कधी जेवले नाही. चहा घेते. जेवत नाही. त्यांनी कधी कारण विचारलं नाही. आवडीवन्संना खिचडीचं अजून माहीत नाही.

२० मार्च, गुरुवार

आज महाडला पाय ठेवायला जागा नव्हती. दर वर्षी या दिवशी तळ्यावर लांबून लांबून माणसं येतात, निळे झेंडे, गाड्याच गाड्या. हे म्हणाले, घरातच राहा.

शर्मिलाताई पांढरी साडी नेसून पहाटेच तळ्यावर जाऊन आल्या होत्या. आल्यागेल्यासाठी त्या दर वर्षी आमच्या जिन्याशी दोन माठ भरून ठेवतात. यंदा कंबर धरून कळश्या उतरवत होत्या. मी दारातून पाहत होते. मग मीच आमच्या नळाची एक कळशी भरून नेली आणि माठात ओतली. त्या नुसत्या "बरं झालं" म्हणाल्या. मग आणखी नेल्या. सहा-सात झाल्या असतील.

लातूरकडची एक म्हातारी पाणी पिऊन पायरीवर टेकली. मला म्हणाली, "थंड हाय गं माय. तू बी आपल्यातलीच का?"

मी म्हटलं, "मी शेजारची."

"शेजारीण भरतीया पाणी," ती तिच्या सुनेला म्हणाली. "बघ की." आणि तिने ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

मी रिकामी कळशी घेऊन आत आले.

चारच्या सुमाराला गर्दी ओसरली तेव्हा वर गेले. ताई खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. उभ्या उभ्या सांगितलं. की माती नाही, तुमचं काही नाही, नवरात्रात मी कंद बाहेर काढले होते, दहा दिवस, मागच्या दारी. नंतर फळंही होती कप्प्यात.

त्यांनी पाय खाली घेतले.

"कांद्यासारखे दिसतात म्हणून का?" त्यांनी विचारलं. आवाज साधा होता. समोर दार उघडून धरावं तसा.

मी म्हटलं, "हो."

"बरं," म्हणाल्या.

खाली आले. सांगितलं एकदाचं, असं वाटायला हवं होतं.

२२ मार्च, शनिवार

दोन दिवस तो "हो" डोक्यातून जात नाही. वीरेश्वराला बोललेला नारळ फोडायचा की नाही, तेही कळेना. फूल आलं नाही, म्हणून नारळ नाही असं म्हणावं, तर महाराजांचं त्यात काय चुकलं?

दुपारी पुन्हा वर गेले. या वेळी खाली बसले, फरशीवर.

म्हटलं, "ताई, मी खोटं बोलले. कांद्यासाठी नाही काढले."

"माहीत आहे."

"समीक्षा बोलली?"

"समीक्षा कशाला बोलेल. तुमच्या ओट्याखालची टोपली मी पंधरा वर्षं बघतेय, वहिनी. नवरात्रातसुद्धा."

मी मान खाली घातली. म्हटलं, वन्सं आल्या होत्या, त्यांचं जुनं वळण, घट बसलेला, मला त्यांच्यापुढे बोलता आलं नाही.

"आवडीबाई दसरा झाला की जातात," त्या म्हणाल्या. "त्याआधी नऊ तारखेला मी फोन केला. तुम्ही म्हणालात, जसेच्या तसे."

"त्या शेजारीच बसल्या होत्या."

"नंतर करायचात. मोरीत जाऊन करायचात. ताई, माझ्याकडे ठेवता येत नाहीत, घेऊन जा. एवढं एक वाक्य. श्रुतिकाचा नवरा मोटारसायकलवर येऊन घेऊन गेला असता. मला राग आला असता, मी चार दिवस बोलले नसते, पण कंद जगले असते." चष्मा काढून पदराने पुसला. "ठेवायचे नसले तर नका ठेवू. मला ते नवं नाही. पण माझ्या तोंडून माझंच चुकलं असं वदवलंत, बाळासमोर, आणि खीर टाकून खाली गेलात."

मी फरशीवरून उठले.

निघताना साडी परत करू का, विचारलं. म्हणाल्या, "ती श्रुतिकाची. तिला सांगून परत करा. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

सांगितलेलं नाही. अजून नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

ताईंनी कुंडी फेकली नाही. खालून दिसतं. अजून बर्फ ठेवतात. जिन्यात भेटल्या तर "काय वहिनी" म्हणतात, थांबत नाहीत.

१८ मे, रविवार

पानं वाळली. ताई गॅलरीत कागद अंथरून कंद काढत होत्या. मी वर गेले. बोलावलं नव्हतं.

पाच मोठे कंद राहिलेच नाहीत. प्रत्येकाची शकलं होऊन बारीक बारीक पिल्लं झाली होती. मोजली तर चौदा. काही सुपारीएवढी, काही वाटाण्याएवढी.

मी म्हटलं, "पाचाचे चौदा झाले."

"यातलं एकही पुढच्या वर्षी फुलणार नाही. कंद दमला की असं करतो, सर सांगायचे. याला वाढवायचं म्हणजे तीन वर्षं नुसती पानं. दर वर्षी काढा, सुकवा, थंडीत ठेवा, लावा, बर्फ घाला. फूल नाही. फक्त पानं." त्यांनी माती झटकली. "मी त्रेसष्टची आहे."

मी विचारलं, यंदा माझ्याकडे ठेवाल का?

"नको."

ठीकच होतं. तरी मी उठले नाही. म्हटलं, "मग एक द्या. सगळे नकोत. राखायला म्हणून नको, मला द्या. मी लावेन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वर्गात मुलाचं उत्तर पाठ केलेलं आहे की समजलेलं, हे बघत असाव्यात तसं. मग ढिगातला सगळ्यात लहान उचलला. वाटाण्याएवढा.

"हा जगेल असं मला वाटत नाही," म्हणाल्या. "ऑगस्टात फ्रिजमध्ये ठेवा. पण मी विचारणार नाही, कसा आहे म्हणून. तुम्ही सांगालच, जसाच्या तसा. मला वाटेल तेव्हा मी येईन, फ्रिज उघडेन आणि माझ्या डोळ्यांनी बघेन. न सांगता. चालेल?"

मी "हो" म्हटलं. म्हणायला जरा वेळ लागला. तेवढा वेळ त्यांनी कंद बोटांतच धरून ठेवला होता.

६ जुलै, रविवार

आषाढी. उपास. आज श्रुतिकाला फोन केला आणि साडीचं सांगितलं, का ठेवता येत नाही तेही. सगळं ऐकून ती म्हणाली, "काकू, नेसा तुम्ही ती. बाबांनी घेतली असती तर परत दिली असती का?" साडी अजून खालीच आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

वाटाणा फ्रिजमध्ये ठेवला. औषधाच्या रिकाम्या डबीत, भोकं पाडून. फळं आता फ्रिजमध्ये येत नाहीत, यांना तसं सांगून टाकलं. कुरकुरले. मी म्हटलं, कुरकुरा.

२ सप्टेंबर, मंगळवार

काल गौरी जेवल्या. शर्मिलाताई अजून एकदाही आल्या नाहीत. रोज वाटतं, आज येतील. विसरल्या असाव्यात. विसरल्या तर बरं, असंही एकदा मनात आलं, आणि ते आलं हे लिहून ठेवते.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले.

आवडीवन्सं काल आल्या. आज सकाळी मी रुजवणाची माती चाळत होते, वन्सं विडे लावत होत्या. दार उघडंच होतं. शर्मिलाताई आल्या. चपला बाहेर काढल्या, वन्संना "बऱ्या आहात?" विचारलं आणि सरळ फ्रिजकडे गेल्या.

मी उठले नाही. मातीचे हात तसेच धरून बसले.

फ्रिज उघडला. कप्प्यापुढे नैवेद्याच्या दुधाचं पातेलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवलं, कप्पा ओढला, डबी उघडली, वाटाणा तळहातावर घेऊन उजेडाकडे धरला. परत ठेवला. पातेलं उचलून जागच्या जागी ठेवलं, झाकण नीट केलं.

"आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

वन्संच्या हातातला विडा अर्धाच राहिला होता. माझ्याकडे पाहत होत्या. "मुरारीला पाठवू का दुधाला?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. नेहमीच्या कामासारखं.

मी म्हटलं, "नको. दूध आहे."

"ते?"

"तेच."

हात धुतले, पातेलं काढलं, साखर घातली, देवीपुढे ठेवलं. वन्सं नैवेद्याला हात न जोडताच उठल्या आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. दुपारी जेवल्या, पण दूध घेतलं नाही. उद्या जाते म्हणाल्यात. दसऱ्यापर्यंत थांबणार नाहीत.

पातेलं उचलताना माझा हात थांबला होता. एवढं सगळं होऊनसुद्धा थांबला. कुणाला दिसलं नसेल, क्षणभरच थांबला होता, पण मला कळलं आणि देवीलाही कळलं असणार. फूल यायला अजून तीन वर्षं आहेत.